डोक्यावरचा भारा

दारात ट्रॅक्टर आला की त्याची पूजा होते. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतात, हार घालतात, नारळ फोडतात, गल्लीत पेढे वाटतात. ट्रॉलीचं असं काही होत नाही. ती मागाहून येते, बहुतेक वेळा कुणाची तरी वापरलेली असते आणि गुपचूप गोठ्याच्या कडेला उभी राहते. पण रानात राबणाऱ्या बाईला विचारून बघा. ती आधी ट्रॉलीचं नाव घेईल.

कारण साधं आहे. शेतीचं निम्मं काम नांगरण्या-पेरण्याचं असतं आणि निम्मं वाहण्याचं. शेणखत रानात न्यायचं, वैरण घरी आणायची, उसाचं वाडं, सोयाबीनची पोती, चुलीचं जळण, सगळं कुणीतरी वाहायचं असतं. ट्रॅक्टर आला आणि पुरुषाच्या हातातला नांगर सुटला. बाईच्या डोक्यावरचा भारा मात्र होता तिथंच राहिला.

आमचं गाव दूधगंगेच्या काठावर, चिकोडी-निपाणीच्या बाजूला. मी नोकरीमुळे बेळगावात राहिले. घर-रान सांभाळलं ते माझ्या धाकट्या जावेनं. दीर गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. तीन एकर रान आणि चार म्हशी यांच्यावर तिनं त्याला शिकवलं. आता तो कागलच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला जातो. दोन वर्षांपूर्वी त्यानं कर्ज काढून १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला. सगळ्यांना आनंद झाला. नांगरट, सरी, भांगलणीची निम्मी कामं सोपी झाली.

पण एका दुभत्या म्हशीला दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते. चार म्हशींचा हिशेब तुम्हीच करा. रान घरापासून दीड किलोमीटर. म्हणजे रोज तीन-चार भारे, आणि पावसाळ्यात भिजलेली वैरण तर दुप्पट जड. तिची मान दुखायला लागली, मग डाव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. निपाणीच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो बघून सांगितलं, "डोक्यावर ओझं अजिबात घ्यायचं नाही." बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आक्का, म्हशींस्नी पण सांगा म्हणावं डाक्टरला, खायाचं न्हाई म्हणून."

भाड्याची ट्रॉली मिळते, नाही असं नाही. पण कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गावातली झाडून सगळी ट्रॉली उसाला लागते. चार भारे वैरणीसाठी कोण येणार? आणि आलाच तर त्याच्या सवडीनं येणार. तोवर कापलेली वैरण बांधावर सुकत पडणार.

शेवटी तिनंच ठरवलं. दर दहा दिवसांनी डेअरीचं बिल येतं. त्यातले थोडे थोडे बाजूला टाकून तिनं सत्तर हजार जमवले होते. नवी ट्रॉली त्यात बसत नव्हती. "जुनी बघूया," ती म्हणाली, "जुनं लोखंड मला कळतंय. कागद तुमी वाचा." अशी आम्ही दोघी जावा ट्रॉली बघायला निघालो. सोबत गावातला वेल्डिंगवाला मिस्त्री. त्याची दिवसाची मजुरी आम्ही दिली, विकणाऱ्यानं नाही. ही गोष्ट महत्त्वाची. पारख करणारा माणूस ज्याच्या पैशावर येतो, त्याच्याच बाजूनं बोलतो.

पहिली ट्रॉली चुलत दिरांनी दाखवली. चार चाकी, मोठी थोरली, ऊस ओढलेली, आणि किंमत फक्त पन्नास हजार. "मोठी घ्या वैनी, एकदाच काय ते हुईल," ते म्हणाले. जावेनं ट्रॉलीभोवती एक फेरी मारली आणि नको म्हणाली. तिचा ट्रॅक्टर आठ-नऊ क्विंटलचा. ही ट्रॉली रिकामीच त्याच्यापेक्षा जड. भरून ओढता येईल कदाचित, पण थांबवता येईल का? आमच्याकडे नदीच्या रानातून वर यायला आणि खाली जायला उतार आहे. मागचं ओझं पुढच्यापेक्षा भारी झालं की उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. चढावर उलटं होतं, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. तिनं हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सासऱ्यांची बैलगाडी तिनं हाकली होती. गाडीत भार मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि पुढं जास्त झाला की बैलाची मान दबते, हे तिला ठाऊक होतं. दोन चाकी ट्रॉलीचा नियम तोच आहे. थोडा भार हुकावर हवा, पण थोडाच. आपल्याला दीड टनाची, दोन चाकी, हायड्रॉलिक ट्रॉली पुरे, असं तिनं माप ठरवलं. लागेल तेवढंच घ्यायचं, ही आपल्याकडे व्रताची गोष्ट मानतात. इथं ती जिवाची गोष्ट होती.

दुसरी ट्रॉली शिरोळ तालुक्यात होती, नदीकाठच्याच गावात. नवा निळा रंग मारलेली, बघताक्षणी आवडावी अशी. मिस्त्रीनं जॅक लावून एक चाक उचललं आणि हातानं फिरवलं. आतून खरखर आवाज आला. चाक वर-खाली धरून हलवलं तर टकटक वाजलं. त्यानं टोपण काढून बोटावर ग्रीस घेतलं. ते काळं-तांबूस असायचं ते दुधाळ, पांढरट दिसलं. त्यात पाणी गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतोय ना? त्या पुरात कृष्णा-पंचगंगा-दूधगंगेच्या काठची कितीतरी अवजारं आठ-आठ दिवस पाण्याखाली होती. पाणी उतरतं, चिखल धुतला जातो, वर रंग बसतो. बेअरिंगच्या आत काय झालं ते दिसत नाही. बेअरिंग बदलता येतात म्हणा, पण मिस्त्रीनं पट्टीनं हौद्याचा तळ ठोकत नेला, तर कोपऱ्यात आवाज बद्द यायला लागला. रंगाखालचा पत्रा सडलेला होता. शेणखताची ओल आणि पुराचं पाणी, दोन्ही पत्र्याला खातात. आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून घाईही होती.

तिसरी ट्रॉली मिळायला महिना गेला. तीही महाराष्ट्रातलीच, एमएच ०९ ची पाटी असलेली, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. रंग उडालेला, फाळक्याला पोचे. तिला बघून माझं मन काही भरलं नाही. पण जाऊ वाकून, पदर खोचून थेट ट्रॉलीखाली गेली. दांडीला कुठं जोड मारलाय का, पाट्यांचं एखादं पान तुटलंय का, हुकाचं भोक झिजून लांबट झालंय का, सगळं हात फिरवून बघितलं. मिस्त्रीनं टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी कितीही ठळक असली तरी टायर किती जुना ते तिथं कळतं. मग हौद्यात दगड भरून हायड्रॉलिकनं वर उचलला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. बोटभरही खाली आला नाही. तेवढ्यात तिचा मुलगा वाकून खालून बघायला गेला, तशी ती ओरडली, "आदी टेकू लाव!" उचललेल्या हौद्याखाली टेकू न लावता डोकं घालायचं नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं असं आहे.

मग माझं काम आलं. गावोगाव ट्रॉल्या बिनकागदाच्या फिरतात. "ट्रॉलीला कोण इचारतंय?" हे वाक्य आम्ही तीनही ठिकाणी ऐकलं. कोणी विचारत नाही हे खरं, पण अपघात होईपर्यंतच. त्यानंतर सगळे विचारतात. म्हणून मी आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि दांडीवर ठोकलेला नंबर आकडा-आकडा ताडून बघितला. ट्रॉलीवर कर्ज नाही ना, तेही त्यावर बघितलं. त्यातून आम्ही सीमेवरची माणसं. नदीपलीकडचं रान, सोयरीक, देवदर्शन सगळं एकच, पण वाहनाला मात्र राज्य बदलावं लागतं. आधीच्या राज्याचा ना-हरकत दाखला हवा, त्याचा अर्ज नमुना २८ चा. मालकी बदलायला २९ आणि ३०. आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. आम्ही सौदा पंचावन्न हजारांत ठरवला, पण दहा हजार दाखला हातात येईपर्यंत राखून ठेवले. म्हाताऱ्या मालकांनी त्याला हरकत घेतली नाही.

चिकोडीला फॉर्म भरताना एजंटानं विचारलं, "मालकाचं नाव?" चुलत दीर सोबत होते, ते सहज म्हणाले, "पोराचं घाला, ट्रॅक्टर त्याच्याच नावावर हाय." जाऊ शांतपणे म्हणाली, "ट्रॅक्टर त्येचा हाय. ही दुधाच्या पैशाची हाय. माझं नाव घाला." मुलगा हसला आणि म्हणाला, "घाला की आईचं."

एवढीशी गोष्ट, पण मला ती मोठी वाटली. १९५६ च्या वारसा कायद्यात आपण जैनही येतो. त्यानं विधवेला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. २००५ साली लेकींनाही वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. कायद्यानं देऊन झालं. पण आपल्या किती घरांतल्या उताऱ्यावर, वाहनाच्या कागदावर बाईचं नाव असतं? कष्ट तिचे, पैसाही कधी तिचा, आणि नाव विचारलं की आपणच "ह्यांचं घाला" म्हणतो. माझ्या जावेच्या आयुष्यात तिच्या स्वतःच्या नावानं आलेली पहिली वस्तू ही पोचे पडलेली ट्रॉली आहे.

आता गल्लीतल्या बायाही आपले भारे तिच्या ट्रॉलीत टाकतात, डिझेलपुरते पैसे देतात. मागे लाल रिफ्लेक्टर लावलेत, कारण संध्याकाळच्या रस्त्यावर उभी ट्रॉली दिसत नाही आणि मोटरसायकलवाले त्यावर येऊन आदळतात. एकच नियम तिनं कडक केलाय. ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, कितीही दमलेला असो. "ट्रॉली वज्झ्याला हाय, जिवाला न्हाई," ती म्हणते. ट्रॅक्टर ती स्वतः चालवते, लायसन्सही काढलंय.

तिची मान पूर्ण बरी झालेली नाही. थंडीत दुखते. पण परवा मी गावी गेले होते, तेव्हा दिवस कलताना रानातून परतणाऱ्या बाया दिसल्या. भारे पुढं ट्रॉलीत गेले होते. मागून सहा-सात जणी मोकळ्या हातांनी, मान वर करून, एकमेकींच्या तोंडाकडं बघत बोलत येत होत्या. डोक्यावर भारा असताना शेजारणीकडं वळून बघता येत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.