माटुंग्याची अर्धी राणी

पुणे, ३० मे

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. आत्याकडे शिवाजीनगरला उतरले आहे. तुम्ही निघताना सांगितलंत म्हणून आज आधी लोणावळा लोकल गाठली. तळेगावपर्यंत गेले आणि परत आले. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी करत गाडी निम्मी रिकामी होते आणि चिंचवड-आकुर्डीला पुन्हा भरते. कॉलेजची पोरं, कारखान्यांतली माणसं, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका. दाराशी उभ्या असलेल्या एकीने जागा करून दिली आणि कामशेतला तिच्या शेतात यंदा काय पेरणार तेही सांगून टाकलं.

पुण्याला ही लोकल १९७८ साली मिळाली. मुंबईत मात्र ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला चार डब्यांची विजेची गाडी निघाली होती. जीआयपी रेल्वेने इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड कंपनीकडून त्या मोटरकोच बनवून घेतल्या होत्या, आणि वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी. तुम्ही शेडमध्ये तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफची कार्बनपट्टी बदलायचात ती २५ हजार व्होल्टच्या एसी तारेखाली. ही जुनी डीसी टिकली ती थेट एप्रिल २०१६ पर्यंत, आणि शेवटची डीसी लोकल धावली तीही त्याच हार्बर मार्गावर. एक्क्याण्णव वर्षं! आपल्याकडे एवढी चाकरी केलेल्या यंत्राचा साधा निरोपसमारंभही बातमीच्या कोपऱ्यात जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.


मुंबई, १ जून

तीर्थरूप अण्णांस, सा. नमस्कार.

आज डेक्कन क्वीनचा वाढदिवस, म्हणून मुद्दाम हीच गाडी धरली. सकाळी सव्वासातला सुटायच्या आधी इंजिनाला हार, फलाटावर केक, पासधारकांची धावपळ. वर्षानुवर्षं एकाच डब्यात बसणारी ही मंडळी आपल्या घरचं कार्य असल्यासारखी वावरत होती.

मी डायनिंग कारमध्ये जाऊन बसले. चीज टोस्ट आणि चहा मागवला. टेबलावर ठेवलेला चहा खंडाळ्याच्या वळणावर कपाच्या कडेपर्यंत चढतो आणि हिंदकळून परत खाली बसतो. वाढपी मात्र ट्रे घेऊन कशालाही न धरता चालत असतो. मंकी हिलला गाडी ब्रेक तपासण्यापुरती थांबली. सदतीस फुटांत एक फूट असा हा उतार. इथे ब्रेकवर भरवसा ठेवून भागत नाही, तो तपासावाच लागतो.

याच घाटामुळे वीज इकडे आली. वाफेच्या इंजिनांना चढाव झेपत नव्हता, गाड्यांना वाटेत दिशा बदलावी लागे. १९२९ साली नवा मार्ग झाला, पुण्यापर्यंत तारा आल्या, आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी निघाली. सात-सात डब्यांचे दोन रेक. एक चंदेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या. दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. पुढे मेट्रोपॉलिटन-विकर्सची विजेची उपकरणं असलेलं इंजिन. तेव्हा पावणेतीन तासांत पोचत. आज तीन तासांच्या वर लागतात, कारण त्याच रुळांवर आता गाड्यांची रीघ असते.

लोक म्हणतात, राणी विलायतेत घडली. ते अर्धंच खरं आहे. डब्यांच्या अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या; वरचा सगळा डबा, म्हणजे माणसं बसतात ती जागा, जीआयपीच्या माटुंगा वर्कशॉपात बांधला गेला.


पुणे, ३ जून

तीर्थरूप अण्णांस, सा. नमस्कार.

काल संध्याकाळी राणीनेच परतले. कर्जतला घाटासाठी मागून रेटा देणारे बँकर (जादा इंजिनं) लागले तेव्हा धक्का बसला आणि शेजारच्या आजोबांनी डोळे न उघडताच "लागले" म्हणून सांगितलं.

माटुंग्याची गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या काळातलं ४००६ नंबरचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलंय आणि त्यावर गव्हर्नर सर रॉजर लमली यांचं नाव आहे. डबे बांधणाऱ्या सुतार, फिटर, रंगाऱ्यांचं नाव असलेली पाटी मला कुठे दिसली नाही. ते डबे १९६६ पर्यंत धावले. मग पेरांबूरच्या कारखान्यातले पोलादी डबे आले, १९९५ मध्ये एअरब्रेकचा रेक आला, आणि जून २०२२ पासून हिरव्या रंगाचे एलएचबी डबे. आधी फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला १९५५ च्या जूनमध्ये आत पाऊल टाकता आलं. माझ्या लेखी राणीच्या इतिहासातली सर्वांत मोठी तारीख ती. तोवर जे हात डबा बांधत होते, त्यांना तिकीट काढून त्यात बसणं परवडणारं नव्हतं.

पुण्यात या गाडीवर इतकं प्रेम आहे, तर स्टेशनावर निदान माटुंग्याच्या कामगारांची पाटी तरी लागायला हवी. मी इथल्या प्रवासी मंडळींशी बोलले. अर्ज लिहायला घेतला आहे. त्यात नुसतं कौतुक नको, काम नेमकं सांगायचं आहे. म्हणून विचारते: अंडरफ्रेम एका देशातली आणि डबा दुसऱ्या देशातला, तर मापं जुळवायची कशी? बोल्टांची भोकं आधी पाडायचे की डबा वर ठेवून मग? आणि वळणावर चौकट पिळवटली तर दारं अडकू नयेत म्हणून काय करत असतील? तुम्ही फिटर, तुम्हाला हे सुचेल. उत्तर आत्याच्या पत्त्यावर पाठवा, आणि जमल्यास एक आकृती काढून द्या.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमा