पांढरी भाजी

आमच्या घरी बटाट्याच्या भाजीला दोन रंग होते. एकादशीला पांढरा, द्वादशीला पिवळा. पांढऱ्या भाजीत तूप, जिरे, हिरवी मिरची, दाण्याचे कूट आणि मीठ. याबाहेर काही पडायचे नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मोहरी तडतडे, हिंगाचा वास माजघरापर्यंत येई, हळदीने बटाटे उजळून निघत आणि शेवटी लिंबू पिळून चिमूटभर साखर पडे. त्या भाजीबरोबर आजीची घडीची पोळी. तव्यावरून उतरवली की ती दोन्ही तळहातांत धरून हलकेच आपटी आणि पोळीचे पदर सुटत. उपासापेक्षा पारणेच मला अधिक पवित्र वाटे; हे अर्थात मी आजीला कधी सांगितले नाही.

1965 साली धाकट्या काकांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. काकू मडगावच्या, ख्रिस्ती. आजोबांनी त्यांना घरात घेतले. आजीने स्वयंपाकघरात घेतले नाही. त्यावरून वाद असा झालाच नाही. उंबरा होता, तेवढा पुरेसा होता. काकूंचे ताट मी ओटीवर नेऊन देई. एकदा त्यांनी माहेराहून पाव आणले, माडाच्या सुरेने आंबवलेले. आजीने ते दारातूनच परत पाठवले. "परकं काही माझ्या चुलीपाशी नको," असे म्हणाली आणि बटाटे सोलायला बसली.

पुढे कॉलेजात असताना एका पुस्तकात वाचले आणि मला हसूच फुटले. बटाटा हा दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांतला. आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांनी उतरवला आणि त्याचे नावही आपण त्यांच्याच तोंडून उचलले. पाव हा शब्द उचलला, तसेच. मिरची अमेरिकेतली, शेंगदाणा अमेरिकेतला, उपासाचे रताळेसुद्धा तिकडचेच. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, त्यापूर्वी यांतले कोणी आपल्या चुलीवर चढलेले नव्हते. उलट हळद आणि मोहरी या इथल्या फार जुन्या रहिवासी. एकादशीला मज्जाव त्यांना! आजीच्या त्या सोवळ्या भाजीतून तूप, जिरे आणि मीठ वगळले, तर उरलेले सगळे समुद्रापलीकडचे होते. बटाटा आणि काकू दोघेही गोव्याच्याच वाटेने आमच्या घरी आले म्हणायचे. हे आजीला सांगायला हवे होते. पण ती 1971 सालीच गेली होती. आणि असती, तरी मी बोललो असतो याची मला खात्री नाही.

कारण बोलायची वेळ एकदा आली होती. एकादशीच्या सकाळी काकू उंबऱ्याबाहेर उभ्या राहून भाजी पाहत. मिरची किती, कूट केव्हा, झाकण किती वेळ, सगळे डोळ्यांनी टिपून घेत. मिठाची बरणी मात्र कोपऱ्यात होती. आजी मीठ घ्यायला वळे तेव्हा तिची पाठ आड येई आणि मुठीत किती आले ते दिसत नसे. एकदा काकू हळूच म्हणाल्या, "बाळ, मीठ किती घालतात ते बघून येशील?"

मी नऊ वर्षांचा. आत गेलो आणि सरळ विचारले, "आजी, काकू विचारतात, मीठ किती घालायचं?"

आजीने मागे वळूनही पाहिले नाही. "तिला काय करायचंय?"

मी बाहेर आलो. काकूंनी ऐकले होते. मला बिचाऱ्यांकडे बघवेना. मी विटीदांडू घेऊन अंगणात पळालो.

काका जाऊन आता बरीच वर्षे झाली. काकूंनी ऐंशी ओलांडली. दर रविवारी त्या चर्चमध्ये जातात आणि आषाढी एकादशीला, काकांची आठवण म्हणून, पांढरी भाजी करतात. मी न चुकता जातो. मिरची बरोबर, कूट बरोबर, तुपाचा वास तर थेट आमच्या जुन्या घरातला. मीठ तेवढे कमी. पहिल्यापासून कमी.

टेबलावर मिठाची बाटली असते. मी तिला हात लावत नाही.

"बरी झालीय ना रे?" काकू विचारतात.

मी ताट पुढे करतो आणि आणखी वाढायला सांगतो.