नऊ जण आले तर आज खेळ आहे



आज एका खेळाबद्दल लिहितो आहे. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. मीसुद्धा तो मैदानावर पाहिलेला नाही, फक्त मोबाईलवर पाहिलाय. पण त्या खेळाच्या निमित्तानं माझी एक चूक माझ्या ध्यानात आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी शाळा पाथर्डी तालुक्यातली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरला 1950 च्या सुमारास पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, हे आपण मुलांना अभिमानानं शिकवतो. पण त्याच जिल्ह्याच्या आमच्या टोकाला कारखाना म्हटलं की मुलांना दुसरंच आठवतं. दिवाळी झाली की रात्री गावात ट्रॅक्टर लागतात. चूल, भांडी, शेळी, कोंबड्या, अंथरुणं आणि वर पोरं. सकाळी हजेरी घ्यायला बसलो की एकेका नावापुढे शांतता. माझ्या पाचवी-सहावीच्या एकत्र वर्गाचा पट 31. तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गात 17 मुलं होती.

त्या वर्षी जुलैमध्ये मी मुलींचा खो-खोचा संघ निवडला होता. बारा जणींचा संघ, नऊ मैदानात. आठ जणी चौकोनात बसणार, नववी पाठलाग करणार. खो-खो हा आमच्यासारख्या शाळेचा हक्काचा खेळ. दोन खांब आणि फक्की एवढंच भांडवल लागतं.

निवड करताना पाचवीतली एक मुलगी सगळ्यांत उजवी होती. खांबाजवळ सूर मारायची तेव्हा मलाच धडकी भरायची. पळतीला उभी राहिली की पाठलाग करणारीला दमवून सोडायची. पण मी तिला घेतलं नाही. कारण साधं होतं. तिचे आईवडील दरवर्षी कोयत्याला जायचे आणि ती त्यांच्याबरोबर. तालुक्याच्या स्पर्धा दिवाळीनंतर होत्या. जी असणारच नाही तिच्यावर चार महिने मेहनत कशाला घ्यायची, असा माझा हिशोब. मी तिला तसं सांगितलंही. म्हणालो, "बाळा, तू काय दिवाळीनंतर जाणार. तुझ्या जागी राहणारीला घेतो."

ती काही बोलली नाही. रोज सरावाला मात्र यायची. मैदानाच्या कडेला बसायची, माझं घड्याळ हातात धरून वेळ मोजायची.

आता पुढचं ऐका. दिवाळीनंतर मी ज्यांना "राहणाऱ्या" समजून घेतलं होतं, त्यातल्या चौघी गेल्या. मुकादमाकडून घरच्यांनी ऐनवेळी उचल घेतली होती. उचल घेतली म्हणजे जाणं आलंच. संघात उरल्या आठ. नवव्या मुलीसाठी मी गावभर फिरलो. आणि कळलं की ती, जिला मी घेतलं नव्हतं, ती त्या वर्षी गेलीच नव्हती! आजी आजारी पडली म्हणून तिला मागं ठेवलं होतं. आजीमागं काम होतं म्हणून चार दिवस शाळेत आली नव्हती, एवढंच.

मी तिच्या दारात गेलो. म्हणालो, "येतेस का? एक जण कमी पडतेय."

ती खाली बघून म्हणाली, "सर, मला सराव न्हाई."

बस, एवढंच. चार महिने कडेला बसून जिनं घड्याळ धरलं, तिला मी काय उत्तर देणार? आम्ही त्या वर्षी स्पर्धेला गेलो नाही. मुख्याध्यापकांना मी कारण सांगितलं, "स्थलांतर". ते खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. नगरजवळच्या माझ्या आधीच्या शाळेतला पोरगा. इंजिनिअर झाला, कंपनीनं जर्मनीला पाठवलंय. रविवारी अधूनमधून फोन करतो. त्या दिवशी धापा टाकत बोलत होता. "सर, आत्ताच मॅच खेळून आलो."

मी म्हटलं, "क्रिकेट का?"

"नाही सर, ऑस्ट्रेलियन फुटबॉल."

मला वाटलं फुटबॉलचाच काही प्रकार असेल. मग त्यानं समजावून सांगितलं, व्हिडिओ पाठवले. मीही थोडं वाचलं. मोठी गमतीची गोष्ट आहे. वर्गात सांगायलाही छान.

या खेळाचा चेंडू गोल नसतो, अंड्यासारखा लांबट असतो. मैदानही लंबगोल, कारण हा खेळ क्रिकेटच्या मैदानावर वाढला. मेलबर्नमध्ये टॉम विल्स नावाचा एक नामवंत क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांनी अंगात ताकद राहावी म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा, असं पत्र त्यानं 1858 साली एका क्रीडापत्राला लिहिलं. पुढच्या वर्षी, 1859 मध्ये, तो आणि त्याचे काही सोबती एकत्र बसले आणि त्यांनी खेळाचे नियम लिहून काढले. एका बाजूला 18 खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेनं मारला तर 6 गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर 1 गुण. म्हणजे थोडक्यात हुकलं तरी पदरात काहीतरी पडतं! चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण पळताना दर 15 मीटरला तो जमिनीवर आपटावा लागतो. फेकता मात्र येत नाही. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा किंवा लाथेनं.

आता हा खेळ युरोपात कसा? माणसं गेली, त्यांच्यासोबत खेळ गेला. नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या ऑस्ट्रेलियन मंडळींनी तिथं हौशी क्लब काढले. ब्रिटनमध्ये 1989 साली, डेन्मार्कमध्ये 1991 साली लीग सुरू झाली. पुढे जर्मनी, फ्रान्स असे देश आले. पैसे कोणाला मिळत नाहीत. उलट वर्गणी काढायची, जर्सी आपणच धुवायची, गोलपोस्ट म्हणून काठ्या आपणच रोवायच्या.

पण अडचण दोन गोष्टींची. एक म्हणजे तिकडे क्रिकेटची एवढी मोठी मैदानं नाहीत, आयताकृती फुटबॉलची मैदानं आहेत. दुसरी म्हणजे माणसं पुरत नाहीत. अठरा अन् अठरा छत्तीस जण एका रविवारी कुठून आणायचे? मग त्यांनी काय केलं? खेळ बंद केला नाही. संख्या कमी केली. 2005 साली लंडनमध्ये युरोपातल्या देशांची स्पर्धा झाली, ती नऊ-नऊ खेळाडूंची. अठराच्या निम्मे!

नऊ हा आकडा ऐकला आणि मी थबकलो. आमच्या खो-खोचा आकडा. आमच्या आठ आणि एक कमी.

मी त्याला विचारलं, "अरे, तुमच्याकडे माणसं टिकतात का?"

तो हसला. "कसली टिकतात सर! शिकायला आलेला पोरगा दोन सेमिस्टर खेळतो अन् जातो. कंपनीवाला वर्ष-दोन वर्षं. दर सीझनला निम्मा संघ नवा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलं की माझा करार अकराच महिन्यांचा आहे, घ्यायचं का बघा. तर कॅप्टन म्हणाला, मग अकरा महिने खेळ."

मग अकरा महिने खेळ. त्याला ते विशेष काही वाटलं नव्हतं. तो पुढचंच सांगत होता, की समोरच्या संघाकडे सहाच जण आले तर आमच्यातले दोन-तीन जर्सी बदलून तिकडून खेळतात, मॅच होणं महत्त्वाचं. मी मात्र फोन कानाला धरून गप्प होतो. त्या कॅप्टननं जे उत्तर एका अनोळखी परदेशी माणसाला दिलं, ते मला माझ्या गावातल्या, माझ्या वर्गातल्या, दहा वर्षांच्या मुलीला देता आलं नव्हतं. तिच्याकडे जुलै ते दिवाळी असे चार महिने होते. मी ते चार महिने तिच्या हातात घड्याळ देऊन घालवले.

आपल्याला वाटेल, परदेशातल्या हौशी लोकांचं ठीक आहे, त्यांचं पोट त्याच्यावर नाही. खरं आहे. नोकरीसाठी देश बदलणं आणि उचल फेडायला फडावर जाणं एक नव्हे. ही तुलना मी ताणणार नाही. पण "कोण किती दिवस आहे" यावरून माणसाची जागा ठरवायची की नाही, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

आणि खेळ माणसांबरोबर प्रवास करतो हे आपल्याला नवीन आहे का? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 साली बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी गेली होती आणि त्यांनी तिथं आपले देशी खेळ करून दाखवले होते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात जर्मनी होता, इंग्लंड होता, खुद्द ऑस्ट्रेलियाही होता. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आमच्या मुलींनी तो अंतिम सामना माझ्या मोबाईलवर दाटीवाटीनं पाहिला. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. "सर, ह्यांच्याकडं नऊ न्हाईत, कमीच हैत!" बरोबर होतं. तिथं मैदानात सात जण होते. म्हणजे नियम दगडावरची रेघ नाही. माणसांनी केला, माणसांनी बदलला.

त्या फोननंतरच्या जुलैपासून मी तीन गोष्टी केल्या. फार मोठ्या नाहीत. कोणालाही जमतील.

पहिली, संघाची यादी करताना "राहणारी" आणि "जाणारी" असा भेद बंद केला. यादीत सगळ्या. जी आज हजर ती आज खेळणार. तालुक्याला नऊ लागतात तर नऊ नेऊ, नाही जमलं तर नाही. पण त्यासाठी जुलैमध्येच कुणाला कडेला बसवायचं नाही.

दुसरी, कमी संख्येचा सराव. पाच जणी, सात जणी, जेवढ्या असतील तेवढे चौकोन. जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देतो, त्याच वेळी वहीच्या शेवटच्या पानावर पाच जणींत खो-खो कसा खेळायचा याची आकृती त्यांच्याच हातानं काढून घेतो. मागच्या हिवाळ्यात एका वडिलांनी फडावरून व्हिडिओ पाठवला. कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, दोन टोकांना दोन ऊस रोवून, चार मुली आणि दोन मुलगे खेळत होते. खांबाला जरा जोरात धरलं की खांबच हातात येत होता.

तिसरी, शेजारच्या शाळेशी मैत्रीचा सामना. त्यांच्याकडे पाच मुली होत्या, आमच्याकडे नऊ. आम्ही आमच्या दोन त्यांना दिल्या, सात-सात झाले. आधी आमच्या मुलींना ते पटेना. "आपली माणसं त्यांना कशाला?" मग सामना सुरू झाला आणि आम्ही दिलेल्या मुलीनंच आमच्या कर्णधाराला खांबाजवळ सूर मारून बाद केलं. दोन्ही शाळा इतक्या हसल्या की शिट्टी ऐकू येईना. आम्ही हरलो.

कुणी म्हणेल, खेळानं स्थलांतर थांबतं का? नाही थांबत. हंगामी वसतिगृह नीट चालणं, कागद वेळेवर पोचणं, तिकडच्या शाळेनं मुलाला दारात उभं न ठेवणं, ही कामं आहेतच आणि ती खो-खोनं होत नाहीत. पण मला एवढं दिसलं की, ज्या मुलीची शाळेत काहीतरी जागा असते, ती परत आल्यावर सरळ वर्गात येते. जिची नसते, ती आधी आठ दिवस कुंपणाबाहेर उभी राहते.

ती मुलगी? त्या जुलैमध्ये ती सहावीत गेली होती. पहिल्याच दिवशी यादीत तिचं नाव पहिलं लिहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मागच्या वर्षी माझी चूक झाली." शिक्षकानं असं म्हणावं की नाही यावर आपल्यात दुमत असू शकतं. ती लाजली. मग जुलै ते दिवाळी पोटभर खेळली. तालुक्याची स्पर्धा त्याही वर्षी तिला मिळाली नाही, कारण आजी बरी झाली होती आणि तिला जायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती मैदानावर आली. दप्तर नव्हतं, फक्त वही. विचारलं, "सर, मी आल्यावर कुठल्या चौकोनात?"

"चौथ्या. तुझाच आहे."

तिच्यामागे त्या चौथ्या चौकोनात चौथीतली एक मुलगी बसायला लागली. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, एप्रिलमध्ये सरकायचं. तीही तयार होती. म्हणाली, "पण तवर माझाच ना सर?"

म्हटलं, "तवर तुझाच."