खरवडल्यावर दिसतं ते

जुनं लाकडी सामान घ्यायला गेलात की आधी ते उलटं करून बघा. वरून सगळंच चकचकीत असतं, कारण विकणारा घाईने पॉलिशचा एक हात मारून ठेवतो. टेबलाची खालची बाजू, खणाचा तळ, कपाटाची पाठ इथे मात्र कुणी पॉलिश वाया घालवत नाही. तिथे लाकूड जसं आहे तसं दिसतं. साग असेल तर नखाने खरवडल्यावर चामड्यासारखा, किंचित तेलकट वास येतो. बारीक गोल भोकं आणि त्यांच्याखाली ताजी पिवळसर पूड दिसली, तर वस्तू कितीही स्वस्त असली तरी घरात आणू नये. भोकं आहेत पण पूड नाही, झटकल्यावरही पडत नाही, तर बहुधा भुंगा कधीच उडून गेलेला असतो. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. लागते ती कडेच्या पांढुरक्या भागाला.

पुण्यातला जुना बाजार, मुंबईतला मटन स्ट्रीटचा चोर बाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याची फर्निचरची दुकानं, सगळीकडे मी हेच करते. दुरुस्त न केलेली वस्तू मला जास्त पसंत. मोडलेलं काय आहे ते निदान समोर असतं.

•

सध्या हाताखाली आहे ते जाळीचं कपाट. फ्रीज यायच्या आधी दूध, दही, लोणी, उरलेली भाकरी-भाजी अशा कपाटात राहायची. वारा आत जायचा, मांजर बाहेर राहायचं. मुंग्या चढू नयेत म्हणून चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या. त्यामुळे या कपाटांचं दुखणं नेहमी एकाच जागी असतं: पाय खालून दोन-तीन बोटं काळे पडून भुसभुशीत झालेले. वर सगळं ठणठणीत आणि खाली पाय कुजलेले.

सुताराने कुजका भाग कापून तेवढाच सागाचा तुकडा तिरका सांधा करून जोडून दिला. जुना पाय तपकिरी, नवा तुकडा पिवळाधमक. हा फरक रंगाने झाकायचा नाही, असं मी ठरवलं आहे. ताजा घासलेला साग आधी पट्ट्यापट्ट्यांचा, कुठे हिरवट कुठे पिवळा दिसतो. उजेडात राहिला की आपसूक गडद होत जातो. त्याला थोडा वेळ दिला तर रंगकाम तो स्वतःच करतो.

दाराच्या कडेला, कडीच्या जरा वर, लाकूड बोटाएवढं खोलगट झालंय. कपाट उघडताना वर्षानुवर्षं अंगठा तिथेच टेकला असणार. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची नाही. पेपरही तिथे हलक्या हातानेच फिरवायचा.

•

या कपाटावर ऑइलपेंटचे थर आहेत. वर क्रीम, खाली आकाशी, त्याखाली गर्द हिरवा. दर काही दिवाळ्यांनी घराबरोबर कपाटालाही रंग मिळाला असावा. सगळ्यात खाली तांबडा अस्तराचा हात.

जुना ऑइलपेंट कधीही कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ मध्ये आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्याआधीचा डबा कसा असेल, सांगता येत नाही. घासताना उडणारी धूळ श्वासातून जाते, फरशीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिशाचा घातक परिणाम सगळ्यात जास्त लहान मुलांच्या मेंदूवर होतो. म्हणून घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नये. बाकीच्यांनी वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलं घासावं, तोंडावर चांगला मास्क लावावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळा चिखल त्यातच गुंडाळावा. झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावं. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

कॉस्टिक सोड्याने रंग झटपट सुटतो हे खरं, पण सोडा लाकडात मुरतो आणि साग काळवंडतो. एकदा काळवंडलेला साग मूळ रंगावर आणणं फार जिकिरीचं. रंग काढायला घाई करण्यापेक्षा रोज एक फळी घ्यावी.

•

वर रंग नसून पॉलिश असेल तर ते कुठलं, हे कळायला सोपी युक्ती आहे. आतल्या न दिसणाऱ्या जागी बोळ्याने थोडं स्पिरिट लावायचं. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुतेक पीयू (पॉलियुरेथेन) किंवा तसलंच काही. मग पेपर आणि मनगट याशिवाय इलाज नाही.

•

लाखेचं पॉलिश ज्यांनी आयुष्यभर केलं असे एक मिस्त्री आमच्या भागात आहेत. चपडा लाख आदल्या रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालतात, सकाळी मलमलीतून गाळतात, कापसाचा बोळा कापडात गुंडाळून त्याने लावतात. त्यांचा हात सतत फिरता असतो, कारण बोळा एका जागी थांबला तर खालचा थर विरघळून कापडाला चिकटतो. मी कपाटाला रंग लावणार म्हटल्यावर ते म्हणाले, "ताई, सागाला रंग लावायचा तर आधी लाकडाची परवानगी घ्या."

त्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. साग, शिसव यांच्या रेषा झाकून टाकणं हा अन्याय आहे, आणि सध्या शिसवीच्या खुर्च्यासुद्धा पांढऱ्या रंगवून विकतात ते बघून वाईट वाटतं. पण सगळ्याच जुन्या वस्तू सागाच्या नसतात. खोक्याच्या देवदाराचं स्टूल, आंब्याच्या फळ्यांची मांडणी, तीन वेगवेगळ्या लाकडांतून जुळवलेला दिवाण यांना रंगच शोभतो. त्या बनल्या तेव्हाही रंगवायच्या म्हणूनच बनल्या होत्या. माझ्या कपाटाची चौकट सागाची, पण पाठीच्या फळ्या कुठल्याशा हलक्या लाकडाच्या. चौकटीला मेण, पाठीला रंग, असा माझा निर्णय झाला आहे.

•

चॉक पेंटचं सध्या खूप ऐकू येतं. ऑक्सफर्डच्या ॲनी स्लोन यांनी १९९० मध्ये तो बाजारात आणला. खडूसारखा मऊ, चमक नसलेला, फारसं न घासताही जुन्या पृष्ठभागाला धरणारा. परदेशी डबा महाग पडतो. घरी करायचा तर तीन वाट्या इमल्शनला एक वाटी चॉक पावडर. पावडर आधी पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या आणि मगच रंगात घालायची. आपल्या रंगाऱ्यांना चॉक पावडर नवी नाही. तयार पुट्टीचे डबे मिळायच्या आधी ते चॉक पावडर बेलतेलात, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलात, मळूनच लांबी करायचे.

पांढरा रंग देणार असाल तर एक सावधगिरी. काही लाकडांतला तांबूस-पिवळा अंश पाण्याच्या रंगातून वर येतो. आज पांढरं दिसलेलं दार चार दिवसांनी डागाळतं, आणि वर कितीही हात दिले तरी डाग पुन्हा येतो. उपाय जुनाच: रंगाच्या आधी लाखेचे दोन पातळ हात. लाख डाग खाली धरून ठेवते आणि वरचा रंगही घट्ट बसतो. शिवाय साग तेलकट असल्यामुळे त्याला काहीही लावण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं.

•

रंग घासून कडा मुद्दाम उघड्या पाडायची पद्धत आहे, वस्तू जुनी दिसावी म्हणून. मला ती पटत नाही. जी वस्तू खरोखर जुनी आहे तिला जुनेपणाचं सोंग कशाला? झीज व्हायची तिथे होईल. अंगठा जिथे टेकतो तिथे रंग आपोआप जाईल.

•

मेण. चॉक पेंट सच्छिद्र असतो, तेल-हळदीचं बोट लागलं की डाग आत जातो; म्हणून वर मेण लागतं. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. टर्पेंटाइनची वाफ मात्र पस्तीसेक अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणून दोन्ही एकत्र करून गॅसवर ठेवण्याचा विचारही करू नका. मेण किसून घ्यावं, काचेच्या बरणीत त्याच्या तिप्पट टर्पेंटाइन ओतावं, झाकण लावून ठेवून द्यावं. अधूनमधून हलवलं की काही दिवसांत आपसूक लोण्यासारखं मऊ होतं. आच लागतच नाही.

बाजारात मेण म्हणून बरेचदा पॅराफिनच मिळतं. खादी ग्रामोद्योगच्या दुकानात किंवा मध काढणाऱ्यांकडे चौकशी करावी. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. त्या बाजूला गेलात तर मधाबरोबर मेणाचंही विचारा.

लावताना कमी म्हणजे किती कमी, हे हाताला कळायला वेळ लागतो. फडक्यावर दिसेल न दिसेल इतकंच घ्यायचं, चोळायचं, थोडा वेळ थांबायचं, मग कोरड्या सुती कापडाने चमक येईपर्यंत घासायचं. जाड थर कधीच सुकत नाही. बोट चिकटतं आणि धूळ बसते. जेवणाच्या टेबलाला मेण लावू नये. गरम पातेल्याचा पांढरा गोल हमखास उठतो. आणि मेणावर नंतर रंग बसत नाही, म्हणून रंगाबद्दल मन नक्की झाल्याशिवाय मेणाची बरणी उघडू नये.

•

जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत पॉलिश करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली दमट वाफ तिथे धरते आणि पॉलिश दुधाळ पडतं. पावसाळ्यात खण अडकतात म्हणून त्यांना रंधा मारण्याचीही घाई नको. लाकूड फुगलेलं असतं. सरकत्या कडांना मेणबत्ती घासावी; थंडीत खण पुन्हा सैल होतात.

•

पितळी कड्या, मुठी काढून साबणाच्या गरम पाण्यात तासभर बुडवल्या की वरचा ऑइलपेंट सालीसारखा सुटतो. मग चिंच. स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात परत गेला पाहिजे. कागदावर क्रमाने टोचून ठेवावेत.

•

इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आता जुन्या बाजारात येतात. या घराण्यातली मूळ खुर्ची थोनेट कंपनीची १८५९ ची, १४ क्रमांकाची. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. तशी खुर्ची डुगडुगत असेल तर खिळा ठोकू नका. बीचचं वाकवलेलं लाकूड खिळ्याने फाटतं. बैठकीखालचे स्क्रू आवळा, बहुतेक वेळा तेवढंच काम असतं.

•

जुन्या सुतारकामात सांधायला सरस, वर लाख किंवा मेण. तिन्हींचा गुण एकच: ती परत सोडवता येतात. सरस गरम पाण्याने सुटतो, लाख स्पिरिटने, मेण टर्पेंटाइनने. खुर्चीचं कुसू ढिलं झालं तर सुतार सांधा उघडून, साफ करून पुन्हा बसवू शकायचा. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला आणि सुताराचा सरस शिजवण्याचा त्रास वाचला. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने पक्का झालेला सांधा उघडताना लाकूडच फाटतं. पीयूचा थरही तसाच. दहा वर्षं तो सुंदर दिसतो, पण ओरखडा पडला की तेवढाच दुरुस्त होत नाही, सगळा उतरवावा लागतो. लाखेवरचा ओरखडा बोळ्याच्या दोन फेऱ्यांत जातो. घरी, स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याने पुढच्या माणसाला उघडता येईल अशीच सामग्री वापरावी, असं माझं ठाम मत आहे.

•

बेलतेल किंवा जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि गुंडाळलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. एकेक फडकं पसरून उघड्यावर वाळवावं किंवा पाण्यात बुडवून ठेवावं.

•

इमारती पुनर्विकासाला निघाल्या की कपाटं, पलंग, मांडण्या वजनावर जातात, नाहीतर जागेवर फोडल्या जातात. नव्या घरात जागा नसेल, हे समजू शकतं. पण फोडण्याआधी नात्यागोत्यात, शेजारी, सुताराला एकदा तरी विचारा. जुन्या सागाची गाठ नसलेली रुंद, अखंड फळी आज वखारीत मागून बघा. मिळणं मुश्कील आहे.