एकूण रक्कम कुणी काढली?

भाचीचा साखरपुडा ठरला तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, हॉलचं तेवढं तू बघ. तुझी ओळख आहे." ओळख वापरायची नाही असं ठरवलं आणि सरळ नगरपरिषदेच्या वेबसाइटवरून सभागृहाचं बुकिंग केलं.

फॉर्म मोबाइलवर भरला. पाच ड्रॉपडाउन होते : पाळी, खुर्च्या, स्वच्छता, भटारखाना, जनरेटर. पाळी 'अर्धा दिवस' केली, खुर्च्या 150 केल्या. खाली रक्कम आली 7,450 रुपये. हॉलसुद्धा महाग झाले हल्ली, असं पुटपुटत यूपीआयनं पैसे भरले आणि पावती बहिणीला पाठवून दिली.

कार्यक्रम छान झाला. जेवण बाहेरून आलं होतं, त्यामुळे भटारखान्याचं कुलूप कुणी उघडलंच नाही. दुपारी वीसेक मिनिटं लाईट गेली. तिथल्या माणसाला म्हटलं, "जनरेटर लावता येईल का? काय होतील ते पैसे देतो." तो म्हणाला, "साहेब, दिवाळीपासून बंद पडलाय तो."

रात्री भाच्यासमोर हे बोललो. तो पुण्यात कॉम्प्युटर शिकतो. त्यानं लॅपटॉपवर तोच फॉर्म उघडला आणि म्हणाला, "मामा, जनरेटरचे पैसे तुम्ही आधीच भरलेत."

बघतो तर खरंच. फॉर्म उघडला की भटारखान्यापुढे 'होय' आणि जनरेटरपुढेही 'होय' आपोआप येतं. मी त्या दोन्ही ओळींना हातच लावला नव्हता. कागदावर हिशेब मांडला. अर्धा दिवस 4,000, खुर्च्या 750, स्वच्छता 500. झाले 5,250. भटारखाना 1,200 आणि जनरेटर 1,000 धरले की बरोब्बर 7,450. म्हणजे 2,200 रुपये न मागितलेल्या गोष्टींचे, आणि त्यातली एक तर चालूच नाही.

भाच्यानं सोप्या भाषेत समजावलं ते असं. ड्रॉपडाउनमधल्या प्रत्येक पर्यायामागे एक आकडा लिहून ठेवलेला असतो. आपण पर्याय बदलला की छोटासा प्रोग्राम ते आकडे गोळा करून बेरीज दाखवतो. आपण काहीच निवडलं नाही आणि बनवणाऱ्यानंही वेगळं काही सांगून ठेवलं नाही, तर यादीतला पहिला पर्याय निवडला असं धरलं जातं. म्हणून पहिली ओळ '-- निवडा --' अशी ठेवायची असते, आणि ती तशीच राहिली तर फॉर्म पुढे जाऊ द्यायचा नसतो. आमच्या फॉर्ममध्ये पहिली ओळच 'होय' होती.

आणखी एक गंमत त्यानं सांगितली. फॉर्ममधून येणारा आकडा प्रोग्रामला आधी अक्षरांसारखा दिसतो. त्याला 'हा आकडा आहे' असं सांगितलं नाही, तर 4000 आणि 750 यांची बेरीज 4750 न येता 4000750 येते. दोन्ही आकडे नुसते शेजारी चिकटतात. मी हसलो. पण नंतर वाटलं, ती चूक परवडली. हॉलचं भाडं चाळीस लाख दिसलं तर पहिलाच माणूस ओरडेल. 7,450 दिसले तर कुणी ओरडत नाही. हास्यास्पद चूक पकडली जाते, पटण्यासारख्या चुकीची पावती फाटते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. कारकून भला माणूस. म्हणाला, "साहेब, रक्कम सिस्टिम काढते. आणि पर्याय तुम्हीच निवडलाय ना?" पावतीवर बघितलं तर फक्त 'एकूण'. कशाचे किती, काही नाही. पूर्वी पावतीपुस्तकात तोच कारकून कार्बन घालून एकेक बाब लिहायचा. "अहो, जनरेटर नकोय आम्हाला" असं तिथंच सांगता यायचं. आता भांडायचं कुणाशी? सिस्टिम म्हणजे कोण? कुणीतरी ठेकेदारानं फॉर्म बनवला, कुणीतरी त्यात दर भरले, कुणीतरी तपासून मान्य केला. ही सगळी माणसंच आहेत.

माझे 2,200 गेले, मी पोस्ट लिहू शकतो. पण आपल्याकडं निम्मे लोक हा फॉर्म सेवा केंद्रात भरून घेतात. बारशासाठी हॉल घेणाऱ्या हमालाला स्क्रीन दिसतच नाही. त्याला फक्त ऐकू येतं, "काका, 7,450 झाले." तो मोजून देतो.

शिवाय भाच्यानं विचारलं, "मामा, ही बेरीज आपल्या मोबाइलमध्ये होते. पैसे घेण्याआधी नगरपरिषदेचा सर्व्हर ती पुन्हा करून बघतो का?" नसेल बघत, तर जाणकार माणूस आकडा बदलून कमी पैसेही भरू शकतो. म्हणजे भोळ्याकडून जास्त आणि हुशाराकडून कमी.

मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात 13 प्रकार सांगितलेत. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात जादा वस्तू किंवा सेवा घुसवणं हा त्यातला एक. ती तत्त्वं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांसाठी आहेत. पण जे दुकानदाराला शोभत नाही, ते नगरपरिषदेला कसं शोभेल?

म्हणून दहा रुपये भरून माहिती अधिकारात तीन गोष्टी मागितल्यात. हे दर ज्या ठरावानं ठरले त्याची प्रत. दिवाळीपासून किती बुकिंगमध्ये जनरेटरचे पैसे घेतले. आणि त्याच काळात जनरेटरसाठी डिझेल किती खरेदी झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराचा मेळ बसतो का, ते बघू.

मुख्याधिकाऱ्यांना लेखी मागण्याही दिल्यात. पहिली ओळ 'निवडा' अशी करा. प्रत्येक पर्यायाशेजारी त्याचा दर दिसू द्या. पावतीवर बाबनिहाय रक्कम छापा. जी सोय बंद आहे, ती यादीतून काढा. आणि न वापरलेल्या जनरेटरचे पैसे ज्यांनी भरले, त्यांना ते परत करा. पहिल्या चार गोष्टींना तर एका दुपारचं काम आहे, असं भाचा म्हणतो.

तोवर एवढंच करा. गेल्या काही महिन्यांत हॉल घेतला असेल तर पावती काढा आणि बेरीज स्वतः करून बघा. जुळली तर आनंदच आहे. नाही जुळली, तर पावती घेऊन या. कार्यालयात बरोबर जाऊ.