कोपर आणि घंटी

"सर, टेनिस कधीपासून खेळायला लागलात?" शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. माझ्या दुखण्याचे नाव 'टेनिस एल्बो' निघाले होते! कतारगामात उभी हयात फळ्यावर खडू चालवण्यात गेली. रॅकेट कधी हातात धरली नाही. पण उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ येई की, चहाचा कप उचलवेना, पंचा पिळवेना. मनगट वर उचलणारा स्नायूबंध तिथे हाडाला चिकटतो आणि तिथेच झिजतो, हे तेव्हा कळले.

आठ महिन्यांनी एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले. मला सचिन तेंडुलकर आठवला. मे २००५ मध्ये लंडनला त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरात नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या. मग मीच का भ्यावे?

पण मास्तरची खोड! वाचत बसलो. ब्रिस्बेनला १९८ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. कॉर्टिसोनच्या इंजेक्शनने सहा आठवड्यांत सर्वांत जास्त आराम. पण पुढे अनेकांचे दुखणे उलटले. वर्षअखेर व्यायाम करणारे आणि नुसते थांबलेले, दोघेही इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे होते. सिडनीच्या २०१८ सालच्या छोट्या प्रयोगात २६ जणांपैकी निम्म्यांना केवळ छेद देऊन टाके घातले. खऱ्या शस्त्रक्रियेचा त्याहून अधिक लाभ दिसला नाही.

मी थांबलो. पाण्याची बाटली मुठीत धरून मनगट सावकाश खाली सोडायचे, फळ्यावर लिहायला मुलांना उठवायचे. सात महिन्यांनी पंचा पिळला.

हे सारे मोठ्या अभिमानाने एका माजी विद्यार्थ्याला सांगितले. खानदेशातून आलेल्या घरातला हा मुलगा हिरे घासण्याच्या चाकावर, म्हणजे इथल्या भाषेत घंटीवर, बसतो. त्याचेही कोपर तसेच. दोनदा इंजेक्शन घेतले, बरे वाटताच कामावर गेला, पुन्हा कळ.

तो हसून म्हणाला, "सर, तुमचं खरं आहे. पण आम्हाला नगावर मजुरी. हात थांबला की चूल थांबते."

मी गप्प झालो. सुरीविना इलाज स्वस्त, असा माझा हिशेब होता. त्यात विसाव्याची किंमत धरायची राहूनच गेली होती. माझी किंमत दरमहाच्या पगाराने भरली. त्याची कोणी भरायची?