हंगामाच्या मध्यावर

महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात कबड्डीचा संघ नाही असे गाव शोधावे लागेल. अशा भागात महाविद्यालयाचा संघ हरला, तर ती गोष्ट महाविद्यालयापुरती राहत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मराठीच्या प्राध्यापकालाही जाब द्यावा लागतो.

काही वर्षांपूर्वी मी एका महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर होतो. संघाची सूत्रे क्रीडाशिक्षकांकडे होती व पकडीची बाजूही तेच पाहत. चढाई शिकवण्याचे काम एका माजी विद्यार्थ्याकडे होते. दिवसभर मिनीडोर चालवून हा मनुष्य संध्याकाळी मैदानावर येई. मानधन नावापुरतेच. त्या वर्षी साखळीतले पहिले तिन्ही सामने आम्ही गमावले. तिसऱ्या, निर्णायक चढाईत गुण मिळेना आणि आमचा गडी बाद होई. समितीची बैठक बसली. चढाई चालत नाही, तेव्हा चढाई शिकवणारा बदला, असे ठरायला वीस मिनिटेही लागली नाहीत. भाषा माझी म्हणून ठराव मी लिहिला : ‘त्यांना कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ या वाक्यात कर्ता नाही, हे व्याकरण शिकवणाऱ्या माझ्या लक्षात आले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

हंगाम अर्धा झालेला असताना मार्गदर्शक बदलावा का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. मोठ्या मैदानांवरही तो पुनःपुन्हा उभा राहतो. १० जुलै २०१९ रोजी मँचेस्टरला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताचे पहिले तीन फलंदाज प्रत्येकी एक धाव काढून परतले आणि २४० धावांचे लक्ष्य १८ धावांनी हुकले. पुढच्या महिन्यात रवी शास्त्री मुख्य प्रशिक्षक म्हणून कायम राहिले. गोलंदाजीचे भरत अरुण आणि क्षेत्ररक्षणाचे श्रीधर हेही राहिले. गेले ते एकटे फलंदाजीचे प्रशिक्षक, बीडचे संजय बांगर. २००२ साली लीड्सच्या अवघड खेळपट्टीवर सलामीला जाऊन ६८ धावा करणारे हेच बांगर. त्याच विश्वचषकात रोहित शर्माने पाच शतके केली होती. दुखणे होते ते चौथ्या क्रमांकाचे, आणि त्या जागेसाठी माणूस निवडणे हे निवड समितीचे काम. बांगरांच्या जागी विक्रम राठोड यांना निवडले तेही त्याच समितीने. करार संपल्यावरची ही निवड होती, तिला हंगामातली हकालपट्टी म्हणता येणार नाही. तरीही दोष कुठे होता आणि गेले कोण, हा प्रश्न उरतोच.

याला छेद देणारे उदाहरण गोव्याचे आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवा हा संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात अग्रस्थानी होता आणि साखळीतले तीनच सामने उरले होते. अशा वेळी व्यवस्थापनाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रे घेतली. तिन्ही सामने जिंकून संघ साखळीत पहिला आला, पण उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून ५-६ असा हरला. निर्णय बरोबर की चूक? पुढच्याच हंगामात लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. त्या संघाने साखळीचे विजेतेपद आणि करंडक दोन्ही मिळवले, आणि वाटेत उपांत्य फेरीत हरवले ते गोव्यालाच. मला यातून एवढेच दिसते की, गोव्यात माणूस बदलला तरी त्याने घडवलेली आक्रमणाची घडी तीन सामन्यांत मोडली नाही.

बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँडच्या फुटबॉलमधील १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास केला. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतात. पण तशाच घसरणीनंतर ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, तेही सावरतात. पडता काळ पुष्कळदा आपणच सरतो आणि श्रेय मात्र ठरावाला मिळते.

आमचेही तसेच झाले. पुढचा सामना आम्ही जिंकलो, पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. त्यानंतर सरावाची हजेरी रोडावली. कारण कळले तेव्हा मान खाली गेली. त्या वर्षी प्रात्यक्षिकांचे तास दुपारनंतर नेण्याचा निर्णय आमचाच होता. त्यामुळे सराव साडेपाचला सुरू होई आणि पोलादपूरच्या आतल्या गावांतली मुले शेवटच्या एसटीसाठी अर्ध्यातून उठत. जी थांबत, त्यांना तो मनुष्य आपल्या मिनीडोरमधून घरी सोडत असे. चढाई कच्ची राहिली होती ती आमच्या वेळापत्रकामुळे. आम्ही मात्र ती उणीव जमेल तशी भरून काढणाऱ्यालाच काढले.

मार्गदर्शक मध्येच बदलूच नये, असे मी म्हणणार नाही. खेळाडूंचा विश्वास उडाला असेल, वर्तन गैर असेल, तर हंगाम संपण्याची वाट पाहणे हाही अन्यायच. पण निव्वळ पराभवासाठी कुणाला काढायचे असेल, तर येणारा मनुष्य उरलेल्या आठवड्यांत नेमके काय वेगळे करणार, हे ठराव करणाऱ्यांनी आधी कागदावर लिहावे. आमच्या बैठकीत ते कुणालाच सांगता आले नसते. मुळात तसे कुणी विचारलेच नाही. काढायला सर्वांत सोपा कोण, एवढेच आम्ही पाहिले होते.

पुढच्या पावसाळ्यात एकदा शेवटची एसटी चुकली आणि मी त्यांच्याच मिनीडोरमध्ये बसलो. वाटेत ठरावाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पोलादपूरला उतरताना त्यांनी एवढेच विचारले, “सर, तो धाकटा गडी बोनसला जाताना मागचा पाय उचलतो का आता? का अजून टेकवतो?”

मला ते माहीत नव्हते. ठराव लिहिल्यापासून मी मैदानावर गेलोच नव्हतो.